आजीचा हंडा आणि गुलाबी झालेलं पाणी

मागच्या मंगळवारी लॅबमध्ये आमच्या घरच्या नळाचं पाणी गुलाबी झालं.

बाटलीत होतं तेव्हा ते नेहमीसारखंच नितळ होतं. मी त्यातलं थोडं वायलमध्ये, म्हणजे झाकणाच्या छोट्या काचेच्या बाटलीत घेतलं, वर माझ्या सेन्सरचं सोल्युशन टाकलं, झाकण लावून हलवलं आणि पिपेटची टीप बदलून परत बघते तर त्याला हलका गुलाबी रंग चढलेला, रंगपंचमीनंतर बादली तिसऱ्यांदा विसळल्यावर पाण्याला राहतो ना तेवढाच. एका बाजूला डिस्टिल्ड वॉटरची वायल कोरी. दुसऱ्या बाजूला गल्लीतल्या बोअरच्या पाण्याची, ती पण कोरी. आणि मधे आमचं नळाचं पाणी लाजल्यासारखं. खोटं कशाला बोलू, मला पाण्याची काळजी नंतर वाटली, आधी मनात आलं की सुटलो बाबा, थिसिसला एक चॅप्टर मिळाला.

मी केमिस्ट्रीत पीएचडी करतीये. कितवं वर्ष ते विचारू नका, घरचे विचारतात तेवढं पुरे. काम काय तर पाण्यात विरघळलेले धातू रंग बदलून दाखवणारे रेणू बनवायचे. पाण्यात शिसं असलं, पारा असला, तांबं असलं तरी पाणी दिसायला तेच, वासाला तेच. ते मोजायची मशीन आहेत, एएएस म्हणा, आयसीपी म्हणा, पण ती महाग, त्यांना गॅस लागतो, ऑपरेटर लागतो, आणि सॅम्पल द्यायचं की आपला नंबर कधी लागेल याची वाट बघत बसायचं. म्हणून गेली कित्येक वर्षं जगभर लोक असा रेणू शोधतायत की जो पाण्यात टाकला आणि समोर ठरावीक धातू आला की रंग बदलेल आणि नुसत्या डोळ्यांनी कळेल.

पप्पांना हे पहिल्यांदा सांगितलं तेव्हा ते म्हणाले, "पाण्यात रंग बघायला पीएचडी लागतीय व्हय?"

त्यांचं बरोबर आहे, कारण त्यांची तीस वर्षं सूत रंगवण्यात गेली. चादरी-टॉवेलला लागणाऱ्या सुताच्या लडी. लहानपणी त्यांच्या हातावरून आज कारखान्यात कुठला लॉट चाललाय ते कळायचं. बोअरच्या पाण्यात लोखंड जास्त असलं की लाल रंग मळकट येतो आणि जड पाण्यात रंग डागाडागाने बसतो, हे ते कुठलंही पुस्तक न वाचता सांगतात. त्यासाठी पाण्यात एक पांढरी पावडर टाकायचे, तिला सगळे सिक्वेस्टरिंग म्हणायचे, पूर्ण नाव कुणी घेत नव्हतं. मी बीएस्सीला जड पाण्याचं टायट्रेशन शिकून आले आणि ईडीटीए म्हणजे काय ते त्यांना मोठ्या तोऱ्यात समजवायला लागले तर म्हणाले, "म्हणजे आमचं सिक्वेस्टरिंगच की गं." जवळपास तेच. कॅल्शियम, लोखंड, तांबं यांना सहाही बाजूंनी मिठी मारून गप्प बसवणाऱ्या रसायनांचं ते घराणं.

ते टायट्रेशन ज्यांनी ज्यांनी केलंय त्यांना आठवत असेल, एरिओक्रोम ब्लॅक टी टाकलं की वाइन रेड रंग येतो आणि ईडीटीए थेंबथेंब सोडत गेलं की एका थेंबाला एकदम निळा. आमच्या इकडच्या बोअरच्या पाण्याला ब्युरेट किती खाली जायची ते विचारू नका, मॅडम म्हणायच्या सोलापूरच्या पोरांना परत परत ब्युरेट भरायची चांगली प्रॅक्टिस होते. तर तो एरिओक्रोम म्हणजे एक प्रकारे सेन्सरच. कॅल्शियम-मॅग्नेशियम बरोबर असताना लाल, ते निघून गेले की निळा.

आणि खरं सांगायचं तर हे स्वयंपाकघरात रोजच चालू असतं. लोखंडी कढईत आवळा शिजवून बघा, काळा कुळकुळीत होतो. आवळ्यातलं टॅनिन आणि कढईचं लोखंड. लोखंड जास्त असलेल्या पाण्याचा कोरा चहा काळपट होतो तो पण त्याच कारणाने. पहिल्या शतकातल्या प्लिनी नावाच्या रोमन माणसाने लिहून ठेवलंय की तांब्याच्या जंगालात कोणी हिराकस, म्हणजे लोखंडाचा क्षार, मिसळून फसवतंय का ते बघायला ओकच्या मायफळाच्या अर्कात भिजवलेला पपायरस वापरायचा, हिराकस असला की तो काळा पडतो. म्हणजे पेपर स्ट्रिप टेस्ट, दोन हजार वर्षांपूर्वी. आम्ही आजही फिल्टर पेपर कापून तेच करतोय आणि वर नॉव्हेल असं लिहितोय.

पप्पांच्या धंद्यात याची उलटी बाजू आहे. मंजिष्ठेचा रंग नुसता कापडाला नीट धरत नाही, आधी कापड तुरटीत भिजवावं लागतं. तुरटीतलं ॲल्युमिनियम असलं की लाल येतो, आणि त्याच रंगाला तुरटीऐवजी लोखंड दिलं की जांभळट काळा. रंग एकच, धातू बदलला की वेगळा दिसतो. रंगाऱ्यांना धातू माहीत असायचा आणि हवा तो रंग काढायचा असायचा, आम्हाला रंग दिसतो आणि धातू ओळखायचा असतो. माझ्या सगळ्या पीएचडीचं एवढंच आहे, बाकी सगळं चिकटवाचिकटवी.

पण ही उलटी बाजूच लई अवघड आहे, आणि ते कळायला मला दोन वर्षं लागली. हळदीचं बघा. हळदीच्या डागाला साबण लागला की लाल होतो, चुना लागला तरी लाल. आपल्या करमाळ्याकडच्या केमला कुंकवाचे कारखाने आहेत, तिथे हळदीचं लाल कसं करायचं हे शिकवायला कोणी जात नाही. आता चुना लावून हळद लाल झाली म्हणून कोणी म्हणालं की हळद कॅल्शियम ओळखते, तर ते चूक. ती अल्कली ओळखते. चुन्यात कॅल्शियम आहे हा योगायोग, धुण्याच्या सोड्याने पण ती तितकीच लाल होणार. रंग बदलला हे खरं असतं, पण कशामुळे बदलला तिथे माणूस फसतो.

आता माझा सेन्सर. त्याचा मूळ रंग आहे रोडामिन बी. हाच तो भडक गुलाबी, जो खायला बंदी असूनही जत्रेतल्या म्हातारीच्या केसांत सापडतो आणि मग बातमी येते. १९९७ मध्ये झार्निक आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी यातून एक भारी गोष्ट दाखवली. रोडामिनवर हायड्राझीनची प्रक्रिया केली की रेणूच्या मधोमध एक कडं तयार होतं आणि रंग गायब, आणि त्यात तांब्याचा आयन आला की कडं उघडतं आणि गुलाबी परत येतो.

हे मी पप्पांना मागाच्या भाषेत सांगितलं आणि त्यांना लगेच पटलं. रंग दिसायला रेणूच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत इलेक्ट्रॉनचा धागा सलग लागतो. कडं बंद असलं की मधल्या कार्बनपाशी तो धागा तुटलेला असतो, ताणा तुटला की माग बंद, तसं. तांबं येतं, कड्यातल्या ऑक्सिजन आणि नायट्रोजनला धरून ओढतं, कडं सुटतं, धागा सांधला जातो, रंग चालू.

बनवताना पण बघण्यासारखं असतं. फ्लास्कमध्ये इथेनॉलात रोडामिन, इतकं गडद की आरपार बल्ब दिसत नाही. हायड्राझीन टाकून रिफ्लक्सला लावायचं, म्हणजे वाफ बाहेर जाऊ न देता उकळत ठेवायचं (फ्यूम हूडमध्येच, ते विषारी आहे) आणि मग काही तास नुसतं बघत बसायचं, गडद गुलाबीचं नारिंगी होतं, नारिंगीचं फिकट होतं आणि शेवटी चहाच्या तिसऱ्या पाण्यासारखं काहीतरी उरतं. त्यात मग एक अल्डिहाइड जोडायचं, ती शिफ बेसची रिॲक्शन, ह्यूगो शिफने १८६४ मध्ये दिलेली, अमाइन आणि अल्डिहाइड एकत्र गरम केलं की जवळपास आपोआप होते. म्हणूनच आमच्या विषयात निम्मी जनता शिफ बेसवाली. स्वस्त पडतं, एका दिवसात होतं, आणि फिल्टर पेपरवर छान पिवळट पावडर दिसली की जेवण गोड लागतं.

त्रास एकच, रोडामिनचा. एक कण सिंकमध्ये पडला की आठवडाभर सिंक होळी खेळतंय. माझ्या दोन ओढण्या गेल्या. एकदा रिक्षात सुट्टे पैसे देताना रिक्षावाल्या काकांनी माझी बोटं बघून विचारलं, "मिरवणूक कुठली होती?"

सेन्सर झाला की मग आमचा तो प्रसिद्ध फोटो. पंधरा वायल ओळीने लावायच्या, सगळ्यात सेन्सर सारखाच, आणि प्रत्येकात एकेक धातू. सोडियम, पोटॅशियम, कॅल्शियम, मॅग्नेशियम, मँगनीज, लोखंड, कोबाल्ट, निकेल, तांबं, जस्त, कॅडमियम, शिसं, पारा, ॲल्युमिनियम, क्रोमियम. खाली पांढरा कागद, वर ट्यूबलाइट. चौदा कोऱ्या आणि एकच रंगीत दिसली की गड जिंकला. प्रत्येक पेपरात हा फोटो असतोच.

माझ्या ओळीत पहिल्या वेळी पाच रंगीत झाल्या. तांबं झक्कास गुलाबी, लोखंड मळकट, ॲल्युमिनियम फिकट, पारा अर्ध्या तासाने, आणि क्रोमियम मूड असेल तसं. सर म्हणाले, "हा सेन्सर नाही, ही सार्वजनिक पाणपोई आहे."

मग कोणते अणू कुठे लावायचे ते परत बघायचं. यात एक नियम उपयोगी पडतो, पिअरसनने १९६३ मध्ये मांडलेला, की मऊ धातू मऊ अणूंना धरतात आणि कडक धातू कडक अणूंना. पारा मऊ, गंधक मऊ, त्यांचं जमतं. आपल्याकडच्या वैद्यांना हे आधीच माहीत, पारा आणि गंधक खलात घोटत बसलं की काळी कज्जली होते, मऊ-मऊची जोडी खलातच जमते. ॲल्युमिनियम कडक, त्याला ऑक्सिजन आवडतो. त्यामुळे पाऱ्याचा सेन्सर करायचा तर रेणूत गंधक घाला, ॲल्युमिनियमचा करायचा तर ऑक्सिजन.

आणि तांबं? तांब्याला सगळंच चालतं. १९५३ मध्ये अर्विंग आणि विल्यम्स यांनी मँगनीज ते जस्त असा क्रमच लावून दाखवला होता की कुठलाही साधा पकडणारा रेणू घ्या, पकड मँगनीजपासून वाढत वाढत तांब्यापर्यंत जाते आणि जस्ताला परत खाली येते. तांबं म्हणजे लग्नात पहिल्या पंगतीला बसणारा पाहुणा, बोलावलेला असो नसो. म्हणून माझं स्पष्ट मत असं झालंय की ज्याचा सेन्सर दुसरं काही ओळखत नाही त्याचा सेन्सर तांबं ओळखतो, आणि मग शीर्षक तसं लिहिलं जातं. माझ्या शीर्षकात पण तांबंच आहे, तेव्हा हे मी स्वतःला पण बोलतीये.

पण यात एक बरं आहे, आणि ते आकड्यात बघण्यासारखं आहे. पिण्याच्या पाण्याचं आपलं भारतीय मानक आहे, आयएस १०५००. त्यात तांब्याची मर्यादा लिटरला ०.०५ मिलिग्रॅम, दुसरा स्रोतच नसेल तर १.५ पर्यंत चालवून घेतात. हे १.५ म्हणजे आमच्या मापात साधारण २४ मायक्रोमोलर. रोडामिनचा रंग इतका जबरदस्त असतो की दोन-तीन मायक्रोमोलरला डोळ्याला गुलाबी झाक दिसते. म्हणजे तांब्यासाठी नुसत्या डोळ्याचा काहीतरी उपयोग आहे.

शिशाचं घ्या. मर्यादा ०.०१ मिलिग्रॅम. गच्चीवरच्या हजार लिटरच्या टाकीत तांदळाच्या अर्ध्या दाण्याच्या वजनाचं शिसं विरघळलं की झाली मर्यादा पूर्ण. मोलरमध्ये ४८ नॅनोमोलर, म्हणजे एका मायक्रोमोलरचा विसावा भाग पण नाही. पाऱ्याची मर्यादा त्याच्या पण दहाव्या भागाइतकी, ०.००१. या पातळीला साधा एकास एक जोडी जमवणारा रेणू कितीही सुंदर रंग बदलो, डोळ्याला काही दिसणार नाही, कारण रंग द्यायला तेवढे रेणूच नाहीत. त्यामुळे शिशाचा नेकेड आय सेन्सर म्हणून फोटो छापलेला असतो ना, त्याच्या खाली बारीक अक्षरात कॉन्सन्ट्रेशन बघा. बऱ्याचदा ते पिण्याच्या मर्यादेच्या शेकडो पट असतं. तेवढं शिसं पाण्यात असलं तर सेन्सरची नाही, गाव हलवायची गरज आहे.

यावर उपाय शोधलेत लोकांनी. सोन्याचे अतिबारीक कण घेतले, तेरा-चौदा नॅनोमीटरचे, तर त्यांचं पाणी पिवळं नाही, लाल दिसतं, आणि ते कण एकमेकांजवळ आले की निळं-जांभळं. असलं लाल सोनं फॅरेडेने १८५७ मध्येच करून दाखवलं होतं. २००३ मध्ये इलिनॉयच्या यी लू यांनी असे कण डीएनएच्या धाग्यांनी बांधले आणि शिसं आलं की ते धागे तुटतील अशी सोय केली, निळ्याचं लाल झालं की शिसं. डोकं लागतं असलं करायला. आमच्या लॅबमध्ये सोन्याचं नाव काढलं की सर आधी सराफ बाजारचा भाव सांगतात.

दुसरी एक गोष्ट फोटोत दिसत नाही, ती म्हणजे माझा सेन्सर नुसत्या पाण्यात विरघळतच नाही. निम्मं इथेनॉल लागतं. नळाला निम्मं इथेनॉल आलं तर सोलापुरात पाण्याबद्दल कोणाची तक्रारच राहणार नाही, पण येत नाही. म्हणून पाणी बाहेरून आणायचं, त्यात इथेनॉल मिसळायचं, मग बघायचं.

तर तो मंगळवार.

गुलाबी वायलचा फोटो काढून सरांना व्हॉट्सॲपला टाकला, खाली तीन उद्गारचिन्हं. सरांचा रिप्लाय आला चार शब्दांचा. "पीएच बघितलंस का? जेवलीस?"

मी दोन्ही केलं नव्हतं. रोडामिनचं कडं नुसत्या आम्लाने पण उघडतं, हे मी स्वतः सेमिनारमध्ये सांगितलेलं. हळदीचीच गोष्ट. आणि वर अशी पण भीती की माझी बाटली आधी एएएसची असेल, कारण एएएसला द्यायच्या सॅम्पलमध्ये नायट्रिक ॲसिड टाकून ठेवावं लागतं, नाहीतर धातू बाटलीच्या भिंतीला चिकटून बसतात. म्हणून नियम असा की दोन बाटल्या घ्यायच्या, एक ॲसिडवाली मशीनसाठी, एक साधी सेन्सरसाठी. ॲसिडवाली चुकून सेन्सरला दिली की कुठलंही पाणी गुलाबी, डिस्टिल्ड सुद्धा.

पीएच सातच्या वर निघाला. म्हणजे आम्ल नाही. तरी खात्रीला ७.२ चं बफर (पीएच एका जागी धरून ठेवणारं द्रावण) टाकून परत केलं. परत गुलाबी. मग ईडीटीए. हा खरा निकाल, कारण गुलाबी आम्लाचा असेल तर ईडीटीएला काही पडलेलं नाही, पण धातूचा असेल तर ईडीटीए तो धातू हिसकावून घेणार आणि कडं परत बंद होणार. दोन थेंब टाकले. रंग तसाच. मी वायल खिडकीजवळ धरून उभी. मिनिटभराने कडेने फिकट व्हायला लागला, आणि पाचेक मिनिटांत जवळजवळ कोरा.

धातू आहे. कुठला? लोखंड असेल म्हणून थायोसायनेट टाकलं, लोखंडाला ते रक्तासारखं लाल होतं, काही झालं नाही. ॲल्युमिनियमचा संशय होता, पावसाळ्यात गढूळ पाण्यात आपल्याकडे तुरटी फिरवतात, पण आता पावसाळा नाही आणि आमच्या घरात तुरटी फक्त पप्पांच्या दाढीच्या डब्यात. उरलं तांबं.

आता नळाच्या पाण्यात तांबं कुठून? पाणी भीमेचं, उजनीतून येतं. पाइप लोखंडी नाहीतर प्लास्टिकचे. पितळी तोट्या म्हणाल तर एवढ्याने एवढा रंग यायला नको. दोन दिवस मी झोपेत पण वायली हलवत होते. तोवर परत पाणी यायचा वार आला, आपल्याकडे नळ रोज येत नाही हे सोलापूरकरांना सांगायला नको, पहाटे सव्वाचारला उठून मी स्वतः त्याच नळाखाली बाटली धरली. लॅबमध्ये जाऊन टाकलं. कोरी. तीनदा केलं. तीनदा कोरी.

संध्याकाळी घरी येऊन आजीला विचारलं, "आजी, सोमवारी मी बाटली भरायला ठेवली होती ती तूच भरलीस ना?"

"भरली की."

"नळाची?"

"नळ गेलेला गं तवर. हंड्यातलं भरलं. तू डब्याला नेती म्हणून तांब्याचं दिलं, चांगलं असतंय."

आजीचा हंडा. आदल्या रात्री तिने तो चिंच आणि मीठ लावून घासला होता, लाल लखलखीत, आणि तिच्या गुडघ्यांमुळे हल्ली ती हंडा नीट खंगाळत नाही, पाणी फिरवते आणि भरून ठेवते. चिंचेचं आम्ल आणि मीठ म्हणजे तांबं सुटायला आयता बेत. रात्रभर पाणी त्यात. एवढंसं आम्ल आपल्या क्षाराच्या पाण्यात मुरून गेलं म्हणून पीएचवर दिसलं नाही, पण सुटलेलं तांबं तिथेच राहिलं. एएएसचा रिझल्ट नंतर आला, तांबंच, ०.०५ च्या वर आणि १.५ च्या बरंच खाली. म्हणजे आजी त्या पाण्याने काही आजारी पडत नाही, पण माझा चॅप्टर मात्र वारला.

आजीला सगळं समजावून सांगितलं. तिने शांतपणे ऐकलं आणि म्हणाली, "म्हणून तर कल्हई करतात." तिच्या लहानपणी कल्हईवाला दारात भाता लावून बसायचा, नवसागर टाकला की पांढरा धूर आणि मग कथिलाचा बोळा फिरला की भांडं आतून चांदीसारखं. कल्हई गेलेल्या पितळीत ताक ठेवलं की ते कळकतं, हिरवट पडतं, जिभेला चव लागते, ते फेकायचं. कळकणं. सबंध केमिस्ट्रीत मला या क्रियापदाला जोड सापडलेली नाही, धातूचं भांडं, आंबट पदार्थ, विरघळलेला आयन आणि खराब झालेली चव, सगळं एका शब्दात. इंग्रजी पेपरात यासाठी मला दीड ओळ लागते.

मी दुसऱ्या दिवशी मुद्दाम पितळेच्या वाटीत ताक ठेवून सेन्सर लावून बघितला. सपशेल फसला. ताक आंबट, त्यामुळे रंग आम्लाचा की तांब्याचा ते कळेना, बफर टाकला तर सगळं फुटून दह्याच्या गुठळ्या, आणि ताकातली प्रथिनं तांब्याला अशी धरून बसतात की सेन्सरला हात लावू देत नाहीत. खऱ्या गोष्टीत हे असं असतं. डिस्टिल्ड वॉटरमध्ये तांबं एकटं असतं, बाहेर त्याची भावकी असते.

खेड्यातल्या लोकांना हे कागद-बिगद नवीन नाहीत हे पण मला उशिरा कळलं. माझ्या मावशीच्या गावात पाण्यात क्लोरीन आहे का ते बघायला ओटी टेस्ट होते, थेंब टाकला की पिवळं, ते तिथल्या पोरांना पण माहीत. जलजीवन मिशनमध्ये गावातल्या पाच बायकांना फील्ड टेस्ट किट चालवायला शिकवतात, त्यातली एक मावशीची जाऊ. तिने मला पहिलाच प्रश्न विचारला तो माझ्या कुठल्याही कॉन्फरन्समध्ये आलेला नाही, "कागद किती महिने टिकतो आणि उन्हात ठेवला तर काय होतं?" मी मेकॅनिझम सांगायला लागले होते, गप्प बसले.

कारण टिकण्याचंच वांधं झालंय. इथेनॉलची भानगड टाळायला मी आता फिल्टर पेपरच्या पट्ट्या सेन्सरमध्ये बुडवून, वाळवून ठेवते, थेट पाण्यात बुडवायच्या. पहिल्या पन्नास पट्ट्या कपड्याच्या चिमट्याला टांगून वाळवल्या, डबीत भरल्या, डबी लॅबच्या कपाटात ठेवली आणि जत्रा-सुट्ट्या उरकून आठ दिवसांनी उघडली तर पन्नासच्या पन्नास गुलाबी. पाण्याचा थेंब लागला नव्हता. कपाटात खालच्या फळीवर हायड्रोक्लोरिक ॲसिडची बाटली, बूच सैल. वाफेने सगळी कडी उघडली. म्हणजे ॲसिडची गळती ओळखायला माझा सेन्सर जगात एक नंबर आहे, तसा पेपर काढायला हरकत नाही.

नवीन पट्ट्या परवा केल्या. या वेळी लॅबमध्ये ठेवल्याच नाहीत, घट्ट झाकणाची काचेची बरणी पाहिजे होती म्हणून घरी शेंगाचटणीची रिकामी झालेली घेतली, तीनदा धुतली, उन्हात वाळवली, सिलिका जेलच्या पुड्या टाकल्या, वर चिठ्ठी लावली "खायचं नाही, आजी". आज सकाळी झाकण उघडून बघितलं, पट्ट्या पांढऱ्याशुभ्र. फक्त बरणीला अजून लसणाचा वास येतोय, आणि लसूण म्हणजे गंधक, आणि गंधक तांब्याला सोडत नाही. सरांना अजून सांगितलं नाहीये.